भांड्याला भांडं लागल्यावर पुढे काय होतं, ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला 11 वर्षं झाली, मुलगी 8 वर्षांची, दोघंही नोकरी करता. मारहाण नाही, दारू नाही, तिसरं माणूस नाही. पण घरातलं बोलणं दूध, शाळेची फी आणि सिलिंडरचा नंबर लावला का, एवढ्यावर आलंय. महिन्यातून दोन-तीनदा भांडण होतं, मग चार-पाच दिवस अबोला. समुपदेशनाचं नाव काढलं की नवरा म्हणतो, "आपल्याला काय वेड लागलंय?" आणि सासूबाई म्हणतात, "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच." तिथे जाण्याइतकं आपलं बिघडलंय का, हे ओळखायचं कसं?

उत्तर आधीच सांगते. जा. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही अगदी योग्य वेळ आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग लोक एप्रिल-मेमध्ये उरकतात. जुलैत छत ठिबकायला लागल्यावर खाली बादल्या लावण्यापलीकडे काही करता येत नाही. मी 22 वर्षं जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करतेय, त्यातली सुरुवातीची काही वर्षं कोर्टाच्या आवारात गेली. तिथे येणारी बहुतेक जोडपी जुलैतली असायची. वकिलाची नोटीस पोचलेली, दागिन्यांची यादी झालेली, दोन्हीकडची माणसं बाहेर बाकावर बसलेली. आत मी विचारायची, "पहिल्यांदा कधी वाटलं की काहीतरी चुकतंय?" आणि दोघंही पाच-सात वर्षं मागे जायची.

सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही. भांडं लागणारच. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांचं निरीक्षण केलं. त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की नवरा-बायकोतले साधारण 69 टक्के वाद कधी सुटतच नाहीत. त्याला पसारा चालतो, तिला चालत नाही. तिला पैसा बाजूला टाकायचा असतो, त्याला भावाला द्यायचा असतो. हे वाद सुखी घरांतही म्हातारपणापर्यंत चालतात. त्यामुळे महिन्यातून किती भांडणं होतात हा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. भांडण झाल्यावर पुढचे दोन तास आणि दोन दिवस त्या घरात काय होतं, ते मी विचारते.

एका जोडप्याचं सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. तो चाकणच्या एका कारखान्यात, ती सहकारी बँकेत. पहिल्या भेटीत दोघांनी आपापली कैफियत सुरू केली: "हा कधी ऐकतच नाही", "हिचं सतत चालू असतं". ते मी थांबवलं आणि म्हटलं, शेवटचं भांडण सांगा, सिनेमाची गोष्ट सांगतात तसं, कोण कुठे उभं होतं इथपासून.

मंगळवार होता. तो कामावरून आला आणि बॅग खुर्चीवर टाकली. ती ओट्यापाशी. म्हणाली, "डबा काढून ठेव." तो म्हणाला, "काढतो." दहा मिनिटांनी ती, "काढतो म्हणजे कधी? सकाळी वास मारतो." तो मोबाइलमध्ये. ती, "मी काय भिंतीशी बोलतेय का?" तो उठला, किल्ली घेतली आणि खाली पार्किंगमध्ये गेला. गाडी पुसायला. चाळीस मिनिटांनी वर आला तेव्हा दिवा बंद, ती भिंतीकडे तोंड करून. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "नळाला पाणी आलंय का बघ." झालं, अबोला संपला. डब्याचं काय झालं? काहीच नाही. पुढच्या महिन्यात तेच भांडण टॉवेलवरून झालं.

मी त्याला विचारलं, "गाडी खराब झाली होती का?" तो जरा हसला. "नाही, रविवारीच धुतली होती." मग म्हणाला, "छातीत धडधडत होतं. वर थांबलो असतो तर काहीतरी बोलून बसलो असतो." बायकोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. नऊ वर्षांत हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. आपलं त्याला काही पडलेलंच नाही म्हणून तो खाली जातो, अशी तिची खात्री होती. घर तुटू नये म्हणून आपण खाली जातो, असं त्याला वाटत होतं. तो गेला की ती पुढच्या वेळी आवाज वाढवायची, म्हणजे तरी थांबेल. आवाज वाढला की तो आणखी लवकर किल्ली उचलायचा. तिचं औषध ते त्याचं दुखणं, आणि त्याचं औषध ते तिचं.

संशोधनात याला मागणी आणि माघार म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत सगळ्यात जास्त दिसणारं हेच चक्र. आणि धडधडीचं त्याचं म्हणणं बहाणा नव्हता. भांडताना नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरणंच कमी होतं, हे गॉटमन यांनी मोजून दाखवलंय. शरीर खाली यायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणजे खाली जाणं चूक नव्हतं. न सांगता जाणं आणि वर आल्यावर तो विषय पुन्हा न काढणं, इथे सगळं अडत होतं.

समुपदेशनाचा उपयोग होईल की नाही, याची माझी पहिली खूण हीच: विषय बदलतात, भांडण तेच राहतं. तुमची शेवटची तीन भांडणं आठवून बघा. डबा, टॉवेल, मुलीचा अभ्यास, काहीही असो. पहिलं वाक्य कोण बोलतं, दुसरं कोण, कोण गप्प होतं, कोण उठून जातं आणि अबोला कोण मोडतं, हे तिन्ही वेळा सारखंच असेल तर तुम्ही दोघं एका नाटकाचे प्रयोग करताय. ते आतून थांबवणं अवघड असतं, कारण दोघांनाही फक्त समोरच्याचेच संवाद ऐकू येतात.

दुसरी खूण मराठी माणसालाच कळेल अशी आहे. आपल्या भाषेत "आपण" आणि "आम्ही" हे दोन वेगळे शब्द आहेत, "आपण"मध्ये समोरचा धरलेला असतो आणि "आम्ही"मध्ये वगळलेला. भेटीत मी हे कान देऊन ऐकते. "दिवाळीत आपण कुठे जायचं?" असं विचारणाऱ्या घराची मला फारशी चिंता नसते, मग ते कितीही भांडोत. "आम्ही दिवाळीत आईकडे जातोय, तुझं तू बघ", यातल्या "आम्ही"त मूल आलं आणि नवरा सुटला. तसंच "तुमच्या घरात हीच पद्धत", "तुझ्या मुलीला सांग". मूल एका घरात दोन पोस्ट ऑफिसांमधला पोस्टमन होतं: "बाबांना सांग जेवण वाढलंय." 8 वर्षांची मुलगी हे निरोप पोचवत असेल, तर तेवढ्या एका कारणासाठीही वेळ घ्या.

तिसरी खूण म्हणजे टोमण्यांची जात बदलणं. रागाचं बोलणं वेगळं आणि तुच्छतेचं वेगळं. "तू मला विचारलं नाहीस" हा राग आहे. नवऱ्याच्या बोलण्याची चारचौघांत नक्कल करणं, "हिला काय कळतंय" म्हणून हसणं, "तुझ्या घरी हेच शिकवलं का" असं काढणं ही तुच्छता. लग्न मोडण्याची सगळ्यात ठळक खूण म्हणून गॉटमन तुच्छतेकडेच बोट दाखवतात, आणि माझाही अनुभव तोच आहे. रागावलेल्या जोडप्यासोबत काम करायला मला आवडतं, कारण रागाच्या मागे अजून काहीतरी हवं असतं. एकमेकांना हसणाऱ्या जोडप्याची मात्र मला धास्ती वाटते.

आणि चौथं, ज्याला कोणी भांडण म्हणतच नाही. एक खोली-स्वयंपाकघर, बाहेरच्या खोलीत आई-वडील. अशा घरात भांडायलाही जागा नसते. एक जोडपं शेजारी शेजारी पडून एकमेकांना व्हॉट्सॲपवर भांडणाचे निरोप पाठवायचं, कारण आवाज बाहेर गेला तर सकाळी आई विचारणार. सहा वर्षं त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, नातेवाइकांत आदर्श जोडपं म्हणून नाव होतं. आली तेव्हा दोघांनाही आठवेना की शेवटचं मोकळं हसलो कधी. तुमच्या पत्रातलं "बोलणं सिलिंडरवर आलंय" हे वाक्य मला भांडणांपेक्षा जास्त गंभीर वाटलं ते यामुळेच.

काही प्रसंग असे असतात की खुणांची वाट बघूच नये. मूल होण्यासाठीचे उपचार आणि त्यातलं अपयश, गर्भपात, नोकरी जाणं, आजारी आई-वडिलांना घरी आणणं, विश्वासघात उघडकीला येणं. अशा वेळी दोघंही एकाच दुःखात असतात, पण दोघांची दुःख करण्याची तऱ्हा वेगळी असते आणि त्यातून गैरसमज होतो. चार भेटींत बरंच सावरतं.

आता उलट बाजू. ती जास्त नीट वाचा.

तुम्ही लिहिलंय की मारहाण नाही. मी तरीही प्रत्येकाशी पहिल्या भेटीआधी फोनवर वेगवेगळं बोलते आणि विचारते, "घरी मनातलं बोललात तर पुढे काय होईल याची भीती वाटते का?" पगाराचं एटीएम कार्ड कोणाकडे आहे? फोन तपासला जातो का? माहेरी जायला परवानगी लागते का? नको असताना जबरदस्ती होते का? "मी जिवाचं बरंवाईट करून घेईन" अशी धमकी दिली जाते का? यातल्या कशाला होकार आला तर मी दोघांना एकत्र बसवत नाही. कारण समोर खुर्चीत बसलेला माणूस पन्नास मिनिटं अगदी सभ्य असतो, आणि लिफ्टमधून खाली उतरताना विचारतो, "ते बाहेरच्या बाईला सांगायची काय गरज होती?" खोलीत बोललेल्या खरेपणाची किंमत घरी मोजावी लागते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही येतो, संरक्षण अधिकारी त्यासाठीच नेमलेले असतात. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीला 112. भीती पुरुषालाही वाटू शकते. कायद्याची वाट त्याच्यासाठी वेगळी असली, तरी एकत्र न बसवण्याचा माझा नियम तोच.

दारूचं व्यसन चालू असेल तर आधी व्यसनमुक्ती, किंवा निदान दोन्ही सोबत. बाहेरचं प्रकरण चालूच ठेवून "बायकोला समजावा" म्हणून येणाऱ्यांना मी परत पाठवते. एकाला खोल नैराश्य असेल तर ते "आळशीपणा" म्हणून भांडणात वापरलं जातं. तिथे मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, नात्याचं काम नंतर. (सरकारची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची सेवा मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.)

आणि ज्यांच्यापैकी एकाचा पाय उंबरठ्याबाहेर पडलाय, त्यांचं काम वेगळं असतं. एकाला संसार वाचवायचाय, दुसऱ्याचं नक्की नाही. अशांना लगेच "संवाद सुधारा" म्हणून बसवलं की बाहेर पाय टाकलेला माणूस नुसता हजेरी लावतो. अमेरिकेतले विल्यम डोहर्टी यांनी अशा जोडप्यांसाठी जास्तीत जास्त 5 बैठकांची वेगळी पद्धत बांधली. त्यात नातं दुरुस्त करायचं नसतं, पुढे काय करायचं हे ठरवायचं असतं. कधी ते उत्तर वेगळं होण्याचं येतं. त्याला मी अपयश मानत नाही. मुलाच्या शाळेच्या कार्यक्रमाला दोघं शेजारी बसू शकतील अशा रीतीने वेगळं होणं हेही कष्टाचं काम आहे.

कोर्टातल्या समुपदेशनाशी याची गल्लत करू नका. तुमच्या नवऱ्याच्या डोक्यात बहुतेक तेच चित्र असणार. 1984 च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयं आली, पुण्यातलं 1989 मध्ये सुरू झालं, आणि तिथे विवाह समुपदेशक असतात. पण तिथे जोडपं दावा दाखल झाल्यावर पोचतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा थांबा असतो. तो योग्य प्रकरणात माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितलं. तुम्ही त्या वाटेवर नाही आहात. घरच्या बैठकीशीही गल्लत नको. मामा, आत्या, दोन्हीकडचे वडील बसतात, चहा होतो, आणि शेवटी बाईला "तू जरा समजून घे" आणि पुरुषाला "तिला थोडं फिरवून आण" असा निकाल लागतो. मंडळी प्रेमाने येतात, पण ती कोणाची ना कोणाची असतात, आणि बैठकीत निघालेली गोष्ट पुढच्या लग्नसराईपर्यंत सगळ्या नात्यात पोचलेली असते.

नवऱ्याला कसं सांगायचं? भांडणात नाही, सासूबाईंसमोर नाही, आणि "तुला मदतीची गरज आहे" असं तर अजिबात नाही. दोघं स्कूटरवरून किंवा चालत कुठेतरी जात असाल तेव्हा सांगा. समोरासमोर नजर नसली की पुरुषांना ऐकणं सोपं जातं, हे माझं निरीक्षण. असं म्हणता येईल: "मला तुझ्याशी बोलायचं असतं आणि माझं भांडणच होतं. मला ते एकटीला जमत नाहीये. दोनदा चल. तिसऱ्यांदा नाही म्हणालास तर मी आग्रह धरणार नाही." तुम्ही "अहो" म्हणत असाल तर "अहो"च ठेवा, उगाच वेगळी भाषा नको. "वेड लागलंय का" याला उत्तर देत बसू नका. त्या वाक्यामागे बहुतेक दुसरीच भीती असते, की आत दोन बायका मिळून मला धारेवर धरणार. पुरुष फोनवर मला तीन गोष्टी विचारतात: किती वेळा यावं लागेल, किती पैसे, आणि तुम्ही कोणाच्या बाजूने. शेवटचा प्रश्न ते थेट विचारत नाहीत, पण तो असतोच. त्यालाच फोन करू द्या, समुपदेशकही त्यालाच निवडू द्या. तो पुरुष समुपदेशक शोधेल, तर शोधू दे.

तरी नाहीच म्हणाला तर एकट्या जा. चक्रातल्या एकाने पाऊल बदललं की दुसऱ्याचं पाऊल चुकतं, त्यातून बरंच हलतं. मात्र पाच-सहा महिने तुम्ही ज्यांच्याकडे एकट्या जाताय, त्यांच्याकडेच नंतर जोडीने जाऊ नका. नवरा आत पाऊल टाकतानाच एक गुणाने मागे असेल.

निवडताना बोर्डावर "समुपदेशक" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, आपल्याकडे हा शब्द दोन महिन्यांचा कोर्स केलेलेही लावतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारता येते. त्याहून महत्त्वाचं: जोडप्यांसोबत काम करण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? एकट्या माणसाचं ऐकण्यात उत्तम असलेले लोकही समोर दोघं बसली की गांगरतात. फी आणि वेळ आधी विचारा. आणि हेही विचारा की एकाने वेगळं काही सांगितलं तर ते दुसऱ्यापासून लपवणार का. याचं स्पष्ट उत्तर ज्यांच्याकडे नाही, तिथे जाऊ नका. पहिल्याच भेटीत कोणाचं चुकलं याचा निकाल देणारे, पत्रिका मागणारे, तीन महिन्यांत संसार जुळवून देण्याची हमी देणारे, यांच्याकडे पैसे घालवू नका. चार-पाच भेटींत सगळं सुटत नाही, पण तेवढ्यात भांडणाचा आकार तरी दोघांना दिसायला लागला पाहिजे. तोही दिसला नाही तर समुपदेशकाला तसं तोंडावर सांगा. आम्हाला सवय असते, आणि नसेल तर असायला हवी.

डब्यावाल्या जोडप्याबद्दल तुम्ही विचारालच. ती पहाटे साडेपाचला उठून डबा करत होती आणि तो उघडा, खरकटा परत आला की आपले कष्ट कोणी पाहिलेच नाहीत असं तिला वाटायचं. तिकडे त्याचा ओव्हरटाइम चार महिन्यांपूर्वी बंद झाला होता, घराचा हप्ता ओढाताणीत चालला होता, आणि हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. हे दोन्ही बाहेर यायला सहा भेटी लागल्या. तो अजूनही खाली जातो. जाताना दारातून सांगतो, "वीस मिनिटांनी येतो, मग बोलू." एकदा पंचवीस झाली तेव्हा तिने वरून गॅलरीतून हाक मारली, आणि त्यावरूनही भांडण झालं, पण ते त्याच रात्री संपलं. डबा तो धुतो की नाही, हे मी विचारायचं विसरले.

वेळ घेताना शनिवार-रविवार मागू नका, ते सगळीकडे महिनाभर आधी भरलेले असतात. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सातनंतरची विचारा. मुलीला त्या तासाभरासाठी शेजारी किंवा मैत्रिणीकडे सोडा, आणि घरी काय सांगायचं ते दोघांनी आधी एकच ठरवा. "बँकेचं काम आहे" चालतं.